दोन पट्ट्यांचा बूट

मिस्त्रींना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. खरं तर ते चेहऱ्याकडे बघायचेच नाहीत. तळेगावच्या एसटी थांब्यावर एकदा त्यांची सख्खी वहिनी त्यांच्या शेजारी येऊन बसली. यांनी ओळख दिली नाही, बोलले नाहीत, समोर बघत राहिले. वहिनी रागाने उठून चालायला लागल्या, तेव्हा हे मागून म्हणाले, "वहिनी, उजव्या टाचंला काय झालं?" पुढे दोन वर्षं त्या घरून दिवाळीचा फराळ आला नाही. हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं होतं, आणि त्यात आपलं काही चुकलं असं त्यांना शेवटपर्यंत वाटलं नाही. टाच खरोखरच दुखत होती, एवढंच त्यांचं म्हणणं.

चिंचवड स्टेशनजवळ रुळांना लागून त्यांची पत्र्याची शेड होती. बाहेर पाटी नव्हती. आत एक भाता, एक ऐरण, चामडं शिवायची राठ सुई आणि भिंतीला टांगलेले लोखंडी पट्ट्यांचे जुडगे. अधू पायाला आधार देणारे बूट, ज्यांना सगळे कॅलिपर म्हणतात, ते मिस्त्री बनवायचे. तरुणपणी पुण्यात लष्कराच्या कारखान्यात जखमी जवानांसाठी हेच काम केलेलं. पुढे पिंपरी-चिंचवडला कंपन्यांवर कंपन्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्याकडे दोन प्रकारची माणसं यायला लागली. एक, पोलिओ झालेली आमच्यासारखी मुलं. दुसरी, मशिनखाली पाय सापडलेले कामगार. शिवाय पाय मुरगळलेले हौशे, नवशे, गवशे होतेच.

नवीन माणूस आला की डॉक्टरची चिठ्ठी पुढे करायचा. मिस्त्री ती न वाचता चहाच्या कपाखाली ठेवायचे. मग तो माणूस पाय पुढे करायचा. मिस्त्री त्याकडेही बघायचे नाहीत. "पाय हितंच हाय, पळून जात न्हाई," म्हणायचे, "वाट दाखव."

वाट म्हणजे तो माणूस रोज घरातून कामाला जातो ती. गुरुवारी कंपन्यांना सुट्टी असायची. त्या दिवशी खाचा पाडलेली एक बांबूची काठी घेऊन ते गिऱ्हाइकाच्या घरी जायचे. काठी लावून उंबरठ्याची उंची बघायची, जिन्याच्या पायऱ्या मोजायच्या, बसच्या फूटबोर्डाला काठी टेकवायची, रस्ता कुठे कलता आहे ते बघायला खाली बसायचं. या सगळ्याचं चित्र ते सिमेंटच्या गोणीच्या कागदावर काढायचे आणि शेडमध्ये भिंतीला खिळ्याने ठोकायचे. त्यावर माणसाचं नाव नसायचं. वाटेचं असायचं. 'रूळ.' 'तीन पायऱ्या.' 'चिखल, मग डांबर.' गिऱ्हाइकांनाही ते त्याच नावाने हाक मारायचे. एक मोठे फोरमनसाहेब होते, कंपनीत माणसं त्यांना टरकून असायची. त्यांना मिस्त्री 'उतरण' म्हणत. साहेब 'ओ' देत.

निगडीला प्राधिकरणाच्या वसाहतीत नव्याने बंगला बांधलेला एक ठेकेदार आला होता त्यांच्याकडे. घोटा सारखा मुरगळायचा. पुण्याच्या मोठ्या दुकानातून इलास्टिकचा मोजा आणलेला, तो घालूनही मुरगळायचा. "त्या मोज्याला तुमची वाट कुठं ठाऊक हाय?" असं म्हणून मिस्त्री काठी घेऊन बंगल्यावर गेले. फाटकातून आत जाताना तिसरी फरशी हलत होती. मिस्त्रींनी ठेकेदाराचंच सिमेंट मागून घेतलं, फरशी उचलली, खाली खडी भरून नीट बसवली आणि निघाले. ठेकेदार मागे लागला, पट्टा कधी देता म्हणून. "फरशी दिली की," मिस्त्री म्हणाले. तो बिचारा पुढे वर्षभर सगळ्यांना सांगत होता की म्हातारा वेडा आहे. घोटा मात्र पुन्हा मुरगळला नाही.

अशा माणसाला मी फसवलं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

मला तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला. डाव्या पायाची पोटरी वाळली आणि घोटा लुळा पडला. चालताना चवडा खाली लोंबायचा आणि पाऊल बाहेरच्या अंगाला कलायचं. लहानपणी पुण्याच्या ससून रुग्णालयातून मिळालेला एक बूट होता, तो पायाला लहान झाल्यापासून मी गुडघ्यावर हात रेटत चालत असे. मॅट्रिक झाले. वडील कंपनीच्या गोदामात मालाची चढ-उतार करायचे, आणि त्यांना दम लागायला लागला होता. त्याच सुमाराला पिंपरीच्या एका औषधाच्या कंपनीत बाटल्यांवर लेबलं लावायला मुली घेणार अशी बातमी आली. माझ्या वर्गातल्या सुमनचे वडील त्याच कंपनीत होते. त्यांनी सांगितलं, काम उभ्याचं आहे. आधी कंपनीचे डॉक्टर चालवून बघतात. सहा महिने तात्पुरतं, मग पुन्हा डॉक्टर, मग कायम. घरात माझ्यामागे दोन भाऊ शिकत होते. मला ही नोकरी हवीच होती.

मिस्त्रींकडे दोन तऱ्हा होत्या. एकपट्टीत पोटरीच्या बाहेरून एकच लोखंडी पट्टी यायची, खाली साध्या काळ्या बुटाच्या टाचेत बसवलेली. वजनाला हलकी, साडीखाली कुणाला कळायची नाही. ती चवडा उचलून धरायची, बाकी काही नाही. दोनपट्टीत दोन्ही बाजूंनी पट्ट्या, घोट्यावर करकचून आडवा चामडी पट्टा आणि वर चढणारा जाड बूट. त्यात घोटा कलू शकत नसे. पण ते धूड साडीखाली लपणारं नव्हतं आणि चालताना वाजायचं.

कुठली घ्यायची हे वाट ठरवणार होती. आणि माझी वाट म्हणजे आमची वस्ती. नाल्याच्या पलीकडे पत्र्याची घरं, नाल्यात टाकलेले अकरा दगड, त्यांच्यावरून पाय टाकत अलीकडे यायचं, मग खाचखळग्यांची चढण, मग डांबरी सडक. मिस्त्री ते बघणार आणि दोनपट्टी देणार, हे मला न बघताच कळत होतं. दोनपट्टी वाजवत डॉक्टरसमोर गेले की नोकरी गेली.

शिवाय लाज होती. ती कारणात पहिली की दुसरी, हे मला आजही सांगता येणार नाही. शाळेत मी कुणाला घर दाखवलं नव्हतं. सुमनलासुद्धा नाही.

मी मिस्त्रींना सुमनच्या घरी नेलं. कंपनीची कॉलनी, दोन्ही बाजूंना अशोकाची झाडं, गुळगुळीत डांबर, दाराला एक पायरी. सुमनच्या आईला आम्ही दोघींनी पटवलं होतं. काकूंनी कपबशीत चहा दिला आणि मी पाण्याचा तांब्या अशा सराईतपणे आणून ठेवला की मलाच खरं वाटायला लागलं. मिस्त्री दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले. कागदावर त्यांनी एक सरळ रेघ ओढली आणि खाली लिहिलं, 'सपाट'.

"एकपट्टी पुरंल," ते म्हणाले. "नशीबवान हाईस पोरी. अशा वाटा म्या लई कमी बघितल्यात."

त्या दिवसापासून माझं नाव 'सपाट' झालं. बूट तयार झाला, मी डॉक्टरसमोर चालून दाखवलं, त्यांनी पायाकडे वाकूनसुद्धा बघितलं नाही. कामाला लागले. लेबलं लावताना चार-चार तास उभं राहायचं, पण चवडा उचललेला असल्यामुळे निभत होतं. नाल्याच्या दगडांवरून मात्र मी आईचा हात धरून जायची. सकाळी आई सोडायला यायची, संध्याकाळी घ्यायला. कधी पट्टा सैल झाला म्हणून शेडमध्ये गेले की मिस्त्री हाक मारायचे, "ये सपाट." मी बसायची.

भाद्रपदात आई तापाने पडली. मी एकटी निघाले. सातवा दगड हलायचा, हे ठाऊक होतं, तरी बस चुकेल म्हणून घाई केली. घोटा बाहेर कलला, मी नाल्यात पडले, आणि पट्टी वाकून टाचेजवळचा रिव्हेट तुटला. गुडघा फुटला होता, पण मला त्याचं काही नव्हतं. तात्पुरत्या मुलींना आजारपणाची सुट्टी नसायची. तशीच फरफटत मी शेडमध्ये गेले.

मिस्त्रींनी पट्टी हातात घेऊन फिरवून बघितली. कुठे पडलीस, विचारलं. कॉलनीत, म्हटलं. "रस्त्यावर?" हो. "सपाट रस्त्यावर?" हो. आणखी काही विचारलं नाही. काम बाजूला ठेवून त्यांनी पट्टी सरळ केली, नवा रिव्हेट ठोकला, आणि मी दुपारच्या आत कामावर उभी राहिले. सुटले, असं मला वाटलं.

पुढच्या शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत, माझ्याबरोबरच कामाला लागलेल्या सुमनने मला बाजूला घेतलं. काल मिस्त्री त्यांच्या कॉलनीत आले होते. रस्त्यावर गुडघे टेकून, काठीने डांबर ठोकत, फाटकापासून दारापर्यंत तीनदा गेले. गटाराची झाकणं हलवून बघितली. वॉचमनला विचारलं, हितं खड्डा होता का, बुजवला का कुणी? पोरं मागे लागली, हसायला लागली. काकूंनी चहाला बोलावलं तर आले नाहीत. मिस्त्रींना खोटेपणाचा संशयच आला नव्हता. माणूस आपल्याच पायाच्या बाबतीत खोटं बोलेल हे त्यांच्या डोक्यात बसण्यासारखं नव्हतं. आपली नजर चुकली, एवढंच त्यांनी धरलं होतं.

मी हसून वेळ मारून नेली. तरी शनिवारी सुटल्यावर पट्टा आवळून घेण्याच्या निमित्ताने शेडमध्ये गेले. आकुर्डीहून एक बाई चार-पाच वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन आली होती. मुलीचा पाय माझ्यासारखाच. बाई चिठ्ठी पुढे करत होती आणि मिस्त्री ती घेत नव्हते.

"पुण्याला जा बाई," ते म्हणाले. "माझं बघनं चुकाया लागलंय. सपाट रस्त्यावर माझी पट्टी वाकली. तुझ्या पोरीच्या पायावर म्या प्रयोग न्हाई करायचो."

बाई मुलीला सावरत स्टेशनकडे चालू लागली. मिस्त्री भात्यापाशी बसले. विस्तव नव्हता.

त्या मुलीचा लोंबता पाय मला दारातून दिसत होता. मी काही फार थोर नव्हते. नोकरीचाच विचार आधी आला. खरं सांगितलं की दोनपट्टी, आणि दोनपट्टी की सहाव्या महिन्यात डॉक्टर नाव कापणार. पण तो पाय दिसेनासा व्हायच्या आत बोलायला हवं होतं. मी बोलले. घर माझं नव्हतं, सुमनचं होतं. मी नाल्यापलीकडच्या वस्तीत राहते. अकरा दगड आहेत. सातवा हलतो.

मला वाटलं, ते आता मला हाकलून देतील. मिस्त्री माझ्याकडे, म्हणजे माझ्या पायाकडे, बघत राहिले आणि त्यांचा चेहरा उजळला.

"म्हंजी रस्ता सपाटच हाय," ते म्हणाले.

आणि उठून अनवाणी स्टेशनच्या दिशेने पळाले. साठीचा माणूस, खडीवरून, धोतर एका हाताने वर धरून. लोकल यायच्या आत त्या बाईला प्लॅटफॉर्मवरून परत घेऊन आले. तिला बसवलं, वाट कुठली ते विचारून घेतलं, गुरुवारी येतो म्हणाले. तोवर मी कोपऱ्यात उभी होते. मग भिंतीवरचा 'सपाट'चा कागद काढून त्यांनी घडी घालून खिशात ठेवला आणि काठी उचलली. "चल," म्हणाले, "तुझी वाट."

माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं.

नाल्यापाशी त्यांनी मला तीनदा दगडांवरून जायला लावलं. वस्तीतली निम्मी माणसं काठावर जमली. सातव्या दगडावर ते स्वतः उभे राहून हलले, मान डोलावली. घरी आई अंथरुणातून उठली आणि बिनदुधाचा चहा टाकला. ती ओशाळली होती. "आमचं हे असलं घर बाबा. पोरीला लाज वाटती." मी खाली बघितलं. मिस्त्रींनी चहा संपवला.

"लाजंचं नंतर बघा," ते म्हणाले. "आदी त्यो सातवा दगड बसवा."

अंधार पडायच्या आत वडिलांनी आणि शेजारच्या दोघांनी पहारीने दगड उचलून खाली कपच्या ठोकल्या. इतकी वर्षं तो तसाच हलत होता आणि आम्ही सगळे त्याला चुकवून पाय टाकत होतो.

दोनपट्टी घालताना मी रडले. लपवत नाही. पायात धूड, चाललं की खण् खण्. मिस्त्रींना सांगितलं, ही घालून माझी नोकरी जाणार. "नोकरीचं मला कळत न्हाई," ते म्हणाले, "पन पडलीस तर ती जाईलच की." मग काय वाटलं कोण जाणे, सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून त्यांनी सांध्यात बसवले. खण् खण् गेलं, धप्प धप्प राहिलं. पॅकिंगच्या सगळ्या मुली पहिल्या दिवशी वळून बघायला लागल्या. चौथ्या दिवशी कुणी बघेना. आणि आईचा हात न धरता मी अकरा दगड पार करायला लागले, हेही सांगायला हवं.

सहा महिने भरले. डॉक्टरांनी मला दवाखान्याच्या व्हरांड्यात चालायला लावलं. गुळगुळीत फरशी, तिच्यावर माझी धप्प धप्प. त्यांनी साडी घोट्याच्या वर घ्यायला सांगून बूट बघितला. कामाला लागलीस तेव्हा हा नव्हता, म्हणाले. पाय बिघडलाय का? पाय तोच आहे, म्हटलं. मग एवढा जड बूट कशाला? इथे तर सगळं सपाट आहे.

तो शब्द ऐकला आणि माझी भीती गेली. कुठे गेली माहीत नाही.

"साहेब, ही कंपनीची वाट आहे," मी म्हटलं. "माझी नाल्यातून येते. अकरा दगड आहेत. बघायची असेल तर चला."

डॉक्टर काही बघायला आले नाहीत. त्यांनी किती दिवस गैरहजर होतीस ते विचारलं. एकही नाही, म्हटलं, आणि ते खरं होतं. त्यांनी सही केली. पुढच्या महिन्यात मी कायम झाले. मिस्त्रींना पेढे द्यायला गेले तर ते विचारतात, व्हरांड्याची फरशी ओली असते का? आणि माझ्या नव्या कागदाच्या कडेला त्यांनी व्हरांडाही काढून ठेवला. शेडमध्ये सात-आठ माणसं होती. निघताना ते सगळ्यांसमोर म्हणाले, "बरं मग, अकरा दगड, पट्ट्याला तेल लावत जा." मी 'हो' म्हटलं.

नंतर वर्षं गेली. भाऊ कामाला लागले. स्टेशनजवळची ती शेड हलली, मिस्त्री तळेगावकडे भावाच्या घरी गेल्याचं कळलं. माझा बूट दुसरीकडे कुठे कुठे दुरुस्त करून घेत मी चालवत राहिले. दरम्यान नगरपालिकेने नाल्यावर स्लॅब टाकला, वस्तीत सिमेंटचा रस्ता केला. दगड खाली गाडले गेले. आई मात्र तोवर राहिली नाही.

एका गुरुवारी निगडीच्या बस थांब्यावर मी बाकावर बसले होते. बाकाच्या दुसऱ्या टोकाला मिस्त्री येऊन बसले. केस पांढरेफेक, पाठीला बाक, हातात तीच खाचांची काठी. मी त्यांच्याकडे बघून हसले. त्यांनी समोर बघितलं. मला वहिनींचा फराळ आठवला. मग मी काही न बोलता उठले आणि त्यांच्यासमोरून चार पावलं चालले.

"अकरा दगड," मागून आवाज आला.

मी वळले. पाया पडायला वाकले तर त्यांनी तेवढ्यात बुटाची टाच चाचपून बघितली. लई झिजला, म्हणाले. मी त्यांना सगळं सांगितलं. स्लॅब पडला, दगड गेले, घरापासून बसपर्यंत आता पक्का रस्ता आहे. मला हवी होती ती एकपट्टी आता चालेल, नाही का? रस्ता अगदी सपाट झालाय.

मिस्त्रींनी पहिल्यांदाच, मला आठवतं त्याप्रमाणे अगदी पहिल्यांदाच, माझ्या तोंडाकडे बघितलं.

"सपाट हाय व्हय?" ते म्हणाले. "ह्ये म्या तुझ्याकडनं मागं एकदा ऐकलंय. चल, दाखव."

ते काठी टेकून उठले. माझ्या घराकडे जाणारी पिंपरीची बस लागली होती. फूटबोर्डाला काठी लावून त्यांनी उंची बघितली आणि मला पुढे चढायला सांगितलं.